छताला हात घालण्याआधी

गाडी आणलीस ते बरं केलंस. भंगारात गेली असती तर किलोच्या भावाने गेली असती. आता एवढं ऐक : निदान आठवडाभर तिच्या छतावर चढू नकोस. हातात ड्रिल, डोक्यात घाई आणि तोंडावर पानकळा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की छताचं वाटोळं ठरलेलं. खाली उतर, चहा घे. माझी उमर धुळ्यात बॉडीकामात गेली. मला शिकवणारे वस्ताद तर लाकडी सांगाड्याच्या मोटारी बांधण्यात म्हातारे झाले. सांगतोय त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

आधी आपली गाडी ओळख. लोक हिला जुना ट्रक म्हणतील, पण ही टुरिंग टॉकीजची गाडी आहे. सारंगखेड्याची दत्ताची जत्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची, धुळ्यात पांझरेकाठची एकवीरा देवीची. जिथे जत्रा तिथे तंबू आणि तंबूमागे अशी गाडी. पेटीत प्रोजेक्टर, बाजूला रिळांचे डबे, आणि खेळ संपला की त्याच पेटीत माणसं आडवी व्हायची. मोसमभर बिऱ्हाड तिच्यातच. परदेशातल्या लोकांनी हौसेने कॅरव्हॅन बांधली, आपल्याकडे ती पोटासाठी बांधली गेली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या अशाच गाड्या आहेत. सापडला तर बघ, आणि बघताना माणसांइतकंच गाड्यांकडेही लक्ष दे.

गाडी ओळखायची ती अशासाठी की प्रत्येक गाडीचं छत तिच्या धंद्याप्रमाणे खराब होतं. हिच्या छतावर भोंगे बांधलेले असणार. गावातून ‘आज रात्री नऊ वाजता’ ओरडत जायची ना ती! म्हणजे भोंग्यांच्या खुंट्यांची भोकं आहेत. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या काड्या जळायच्या, त्यांचा धूर बाहेर काढायला नळकांडं लागायचं, तेही छतातूनच. पुढे काड्या गेल्या, दिवे आले, नळकांडं काढून कुणीतरी वर पत्र्याचा तुकडा ठोकला. तंबूची कनात, बांबू, दोरखंड वर लादून नेलं, त्याने मधल्या कमानी बसल्या. गळती शोधायला निघशील तेव्हा आधी या जागा बघ. पत्र्याच्या मधोमध, धड पत्र्यातून पाणी येणं फार क्वचित. ते येतं भोकातून, सांध्यातून आणि कडेच्या पट्टीखालून.

पण गळतीचा खरा करणारा पाऊस नव्हे. आपल्याकडे पाऊस पडतो तो किती! कोकणाच्या मानाने काहीच नाही. आपल्याकडे छत मारतं ते ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. तो सावलीतला. उन्हातल्या गडद रंगाच्या पत्र्याला हात लावून बघ, सत्तर अंश सहज असतील. तोच पत्रा जानेवारीच्या पहाटे धुळ्यात सात-आठ अंशांवर येतो. म्हणजे साठ अंशांचा फरक. आता हिशेब कर. ॲल्युमिनियमचा १८ फुटांचा पत्रा साठ अंशांना साडेसात मिलिमीटर लांब होतो. त्याच्याखालची सागवानी पट्टी तेवढ्याच उष्णतेने दोन मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. वरचा पत्रा पसरतोय, खालचं लाकूड जागचं हलत नाही, आणि दोघांना धरून ठेवलंय स्क्रूने. वर्षानुवर्षं रोज दिवसा ताण, रात्री ढील. स्क्रूचं भोक लांबोळकं होतं, मसाला तडकतो, आणि मग जूनमध्ये पाणी आत येतं तेव्हा आपण पावसाला शिव्या देतो.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं बरंच काही आपोआप कळतं. सांध्यात जे काही भरशील ते लवचीक हवं, हे कळतं. एम-सील का नको, हे कळतं. एम-सील वाईट माल नाही, नळाच्या जोडाला उत्तम. पण ते दगडासारखं कडक होतं. हलणाऱ्या सांध्यात कडक वस्तू भरली की ती एका बाजूने सुटणारच.

सिलिकॉनचंही तेच सांगतो, फक्त कारण वेगळं. ते लवचीक असतं, पण बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो आम्लाचा वास आहे आणि ते आम्ल धातूला खातं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि एकदा ते लागलं की त्या जागी दुसरं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. पुढच्या माणसाला ते पात्याने खरवडत बसावं लागतं. पुढचा माणूस बहुधा तूच असशील.

आणि डांबर! गावातला प्रत्येक शहाणा तुला डांबर सुचवील. डांबराचा कागद चिकटव, वर डांबर ओत, वीस वर्षं बघायला नको. घराच्या सपाट स्लॅबवर ठीक आहे. गाडीच्या छतावर डांबर म्हणजे खालच्या लाकडाला जिवंत पुरणं. काळा रंग ऊन ओढतो, उन्हात डांबर पातळ होऊन कडेने ओघळतं, थंडीत तडकतं, आणि तडकलेल्या जागेतून गेलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. वरून छत कोरडं दिसतं आणि आत कमान कुजून भुसा होते. वस्ताद अहिराणीत म्हणायचे, ‘पानी तुनापेक्षा श्यानं शे.’ त्याला अडवण्याच्या फंदात पडू नकोस. चुकून आत आलंच तर बाहेर जायला वाट ठेव. माझ्या सगळ्या सांगण्यातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ.

मग सांध्यात भरायचं काय? पत्र्यावर पत्रा येतो तिथे दोघांच्या मध्ये ब्यूटाइलची चिकट पट्टी. ती कधी वाळत नाही, दाबली की भोकाभोकात जाऊन बसते. कडेच्या पट्टीखाली आणि नळकांड्याच्या भोवती पी.यू. सीलंट, ज्याने मोटारीची समोरची काच चिकटवतात तेच. काचवाल्याकडे मिळेल, धुळ्यातही आणि जळगावातही. नळी घेताना मुदतीची तारीख बघ. उन्हात पडून राहिलेली नळी दुकानदार खपवतो आणि ती बाहेर येते तीच गोळा होऊन.

आता शोधाशोध. आतला जुना प्लाय आणि कापड काढलंस की टोचा घे आणि प्रत्येक कमानीला, प्रत्येक कडेच्या लाकडाला टोचत जा. धड सागवानात टोचा अडतो आणि आवाज कोरडा येतो. कुजलेल्यात अंगठ्याच्या जोराने आत जातो. जिथे जिथे गेला तिथे खडूने खूण कर. मग पाणी. पण वरून बादली उपडी करू नकोस, त्याने काहीच कळत नाही. पाइप हळू सोडायचा, खालून वर. आधी कडेची पट्टी, एका बाजूची, पाच-दहा मिनिटं. आत एकजण टॉर्च घेऊन. मग दुसरी बाजू. मग एकेक आडवा सांधा. सगळ्यांत शेवटी मधला उंच भाग. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही. आत थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा यांत चार-चार फुटांचं अंतर असतं, कारण पाणी कमानीला धरून चालत जातं.

दुसरी एक युक्ती आहे, आपल्या भागात फार सोयीची, कारण प्रत्येकाकडे कूलर आहे. गाडीची दारं-खिडक्या बंद कर, फटी कागदी चिकटपट्टीने बुजव, आणि एका खिडकीत कूलरचा पंखा आत हवा मारील असा बसव. पाणी नको, नुसता पंखा. आतली हवा जराशी दाटली की वरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लाव. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब बघतो तोच प्रकार. जिथे पाइपाने सापडली नाही तिथे ही युक्ती फट दाखवते.

एक फसवी गळतीही असते, ती आत्ताच सांगून ठेवतो. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आत चार माणसं झोपली, सकाळी उठून बघतात तर छतातून थेंब टपकतायत. बाहेर तर पावसाचा पत्ता नाही. ते तुमच्याच श्वासाचं पाणी. गार पत्र्याला लागून दंव धरतं. त्याला सीलंट नाही, हवा खेळती ठेवणं हाच उपाय. धुळ्याच्या थंडीत हे हमखास होतं आणि लोक उगीच धड सांधे उसकटतात.

काम सुरू करण्याआधी आणखी एक धोका. प्रोजेक्टरच्या पेटीत आगीची भीती असायची. जुनी फिल्म भडकन पेटायची, म्हणून त्या जागी आतून ॲस्बेस्टॉसचे पत्रे मारायची पद्धत होती. नळकांड्याच्या भोवती राखाडी, ठिसूळ, तंतू निघणारं काही दिसलं तर त्याला घासू नकोस, भोक पाडू नकोस, झाडूने झाडू नकोस. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी माणूस मारते. शाबूत असेल तर तसंच राहू दे आणि वरून बंद कर. काढायचंच असेल तर जाणकार माणूस बोलाव. जुन्या रंगात शिसं असायचं, तोही कोरडा घासायचा नाही. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने घास आणि तोंडाला रुमाल नव्हे, धड मास्क बांध. आम्ही रुमाल बांधायचो, तू बांधू नकोस.

पत्रा काढताना घाई नको. मोबाइल आहेच, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढ. पत्र्यांवर नंबर टाक, बाणाने पुढची बाजू दाखव. जुना पत्रा कितीही सडका असो, नवा कापून होईपर्यंत फेकायचा नाही. तोच तुझा फर्मा. रिबिट छिन्नीने तोडू नकोस, छिन्नीने भोक फाटतं. रिबिटच्या दांडीएवढंच ड्रिल लावून फक्त डोकं उडव, मग दांडी ठोकून खाली पाड.

आणि ऐक, हे फार जण विसरतात : सगळं छत एकदम उतरवू नकोस. छत नुसतं झाकण नसतं, दोन्ही बाजूंच्या भिंती तेच धरून ठेवतं. ते काढलं की भिंती बाहेर फाकतात. नवं छत मापाने बनवतोस आणि ते बसतच नाही. आधी आत आडव्या आणि तिरक्या पट्ट्या ठोकून सांगाडा जखडून टाक. चारही कोपऱ्यांचे कर्ण दोरीने मोज आणि लिहून ठेव. काम चालू असताना रोज सकाळी मोज. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे चौकट काटकोनात. फरक पडला तर थांब.

लाकडाचं काम माझ्या आवडीचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सगळ्या कमानी बदलू नकोस. जी अर्धी धड आहे तिचा अर्धा भाग ठेव. कुजलेल्या जागेच्या पुढे एक वीतभर धड लाकूडही काप, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. जोड तिरका द्यायचा आणि लांब द्यायचा. तिरक्या कापाची लांबी लाकडाच्या जाडीच्या आठपट. दोन इंच जाडीला सोळा इंच. त्याहून आखूड जोड दिलास की रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्यात चिकटलेलं सुटेल. पाण्याला न सुटणारा गोंद वापर, शिकंज्यात रात्रभर धर आणि मगच रंधा मार.

लाकूड नवं घेऊ नकोस. आपल्या खेड्यांतून धाब्याची घरं पडतायत, स्लॅबची उभी राहतायत. त्या धाब्यांना साठ-सत्तर वर्षं वापरलेलं सागवान आहे, सगळं सुकलेलं, आता त्याला ना वाकायचं ना पिळायचं. नवं सागवान महाग, आणि बरेचदा ओलं हातात येतं. पुढच्या मेमध्ये ते आपली वाट धरतं. जुन्या लाकडात खिळे असतात, करवत घालण्याआधी चुंबक फिरव. कमानीचा बाक एका फळीतून कापून काढायचा नाही, रेषा तुटते आणि तिथेच मोडते. पातळ पट्ट्या काढ, साचा कर, पट्टीवर पट्टी चिकटवत बाक दे. काम थोडं किचकट आहे पण कमान मोडत नाही.

लाकूड बसवण्याआधी चारही बाजूंनी, खास करून जी बाजू पुढे कधी दिसणार नाही तिला, जवसाचं उकळलेलं तेल पाज. टोकांना दोनदा-तीनदा. लाकूड पाणी पितं ते टोकाने. तेलाच्या चिंध्या मात्र कोपऱ्यात गोळा करून टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना आपणहून तापतं आणि गोळा केलेली चिंधी काडी न लावता पेटते. आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नकोस. चिंधी पाण्याच्या डब्यात बुडवायची किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवायची. लाकडी गाडी, थिनरचे डबे आणि रात्रीची बंद शेड, यात एक चिंधी पुरते.

ढाळ बघ आता. वर्षानुवर्षं सामान लादून हिच्या कमानी बसल्यात. सात फुटांच्या रुंदीला मधोमध तीनेक इंचांचा उठाव हवा. कडेपासून कडेपर्यंत दोरी ताण आणि प्रत्येक कमानीवर मोज. एक जरी खाली राहिली तरी तिथे पाणी साचणार, आणि साचलेल्या पाण्यापुढे कोणताही सांधा टिकत नाही. पत्रा मारण्याआधीच बघून घे, नंतर काही करता येत नाही. पुढून मागेही थोडा उतार दे. कडेला पन्हळ आहे ती बहुतेकांच्या हातून रंगाने बुजते. ती मोकळी कर आणि तिचं टोक खिडकीच्या पुढे दोन इंच बाहेर काढ, नाहीतर छत वाचवलंस आणि खिडकीचं लाकूड घालवलंस असं होईल. पन्हळीला पी.व्ही.सी. पाइप उभा चिरून लावू नकोस. जळगाव पाइपांचं गाव, तुकडे फुकटही मिळतील, मोह होणारच. पण ते पाइप जमिनीखाली राहण्यासाठी केलेले. उघड्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतात.

पत्रा मागून पुढे मारत यायचा. मागचा पत्रा आधी, त्याच्यावर पुढच्याची कड. गाडी पुढे धावते, वारा पुढून मागे जातो. कड उलटी राहिली तर वारा पाणी सांध्यात कोंबत राहतो. खाली प्लाय घालणार असशील तर शिक्क्यावर आय.एस. ७१० बघ, तो मरीन प्लाय. साधा ३०३ चा घरातल्या कपाटाला ठीक. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल, त्याच्या बोलण्यापेक्षा आकडा बघ.

पत्रा पत्र्याला रिबिटने, पत्रा कमानीला स्क्रूने. स्क्रू स्टेनलेसचे. पितळी स्क्रू शोभतात, पण पितळ आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की पितळ ॲल्युमिनियमला खातं. साधा लोखंडी स्क्रू गंजून लाल ओघळ सोडतो. पत्र्यातलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेव आणि डोक्याखाली सीलंट भर, म्हणजे पत्र्याला उन्हात हलायला जागा राहते. मधून सुरुवात कर आणि दोन्ही टोकांकडे जा. टोकांकडून मध्ये आलास तर शेवटी पत्रा पोट काढतो आणि ते पोट आयुष्यभर जात नाही.

आणि वेळ. याबाबत वस्ताद फार कडक होते. पौष-माघातल्या पहाटे पत्रा ताणून बसवलास तर दुपारी तो फुगणार. वैशाखातल्या दुपारी बसवलास तर थंडीत आखडून स्क्रू ओढणार. मधली वेळ बघायची. आपल्याकडे फेब्रुवारीची सकाळ, नऊ ते अकरा, हा उत्तम मुहूर्त. ते नाही जमलं तर दिवाळीनंतरचे दिवस. मेमध्येच करायची पाळी आली तर मांडवाखाली कर आणि सकाळी दहाच्या आत आटप. भर उन्हात रंग मारलास तर ब्रश फिरेपर्यंत तो वाळतो आणि सुरकुततो. रात्री पाऊस येईल म्हणून दुपारी रंग मारणारे मी पुष्कळ पाहिले. पुढे त्या रंगाचे पापुद्रे उचलताना पण पाहिले.

रंग पांढराच. टॉकीजचा जुना निळा किंवा लाल रंग तुला ठेवायचा असेल तर बाजूंना ठेव, छताला कोण बघतंय! पांढऱ्या छताखाली आत पडणारा फरक तू स्वतःच्या अंगाने अनुभवशील. ॲल्युमिनियमवर थेट रेड ऑक्साइड मारू नकोस, ते लोखंडाचं. आधी पत्रा घासून, तेलकटपणा पुसून एच प्रायमर, मग रंग. छत आणि आतला प्लाय यांच्यामध्ये इंचभर हवेची पोकळी ठेव आणि पुढे-मागे तिला तोंड दे. थर्मोकोल कोंबून ती पोकळी बुजवलीस तर उष्णता थोडी अडेल, पण ओल कायमची अडकेल. नळकांड्याचं जुनं भोक आहे ना, ते बुजवू नकोस. त्याच्यावर पावसाची टोपी असलेली झडप बसव, गरम हवा तिथूनच निघून जाईल. सिनेमावाल्यांनी पाडलेलं भोक आयतंच कामी येईल. कूलर छतावर ठेवायचा विचार मनात आणू नकोस. पाण्याची टाकी वर, खाली लाकूड आणि मध्ये रबर. ही गळतीची सोय झाली.

कागदपत्रांचंही दोन शब्दांत. हल्ली जुन्या गाडीला सगळे व्हिंटेज म्हणतात. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. पण ती पन्नास वर्षांवरच्या दुचाक्या आणि खासगी मोटारींसाठी, मूळ रूपात राखलेल्या. शिवाय तसं वाहन रोजच्या वापराला काढता येत नाही. ट्रकच्या चॅसीवरच्या पेटीने त्या नादी लागू नये. तुझ्या कामाचं आहे ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. मूळ रचनेत फेरफार करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. होतं तसंच छत दुरुस्त करणं वेगळं, आणि आत उभं राहता यावं म्हणून ते फूटभर उचलणं वेगळं. दुसरं करणार असशील तर करवत लावण्याआधी एम.एच. १८ किंवा १९, जिथे गाडीची नोंद आहे तिथे जाऊन विचार. राज्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्याच्या भरवशावर भाड्याने द्यायचा बेत असेल तरी आधी तिथेच विचार. छत उंच केलं की गाडी वळणावर कलते, हे परवानगीपेक्षाही महत्त्वाचं. अजिंठ्याच्या घाटात तुला ते कळू नये, इथेच कळावं.

छतावर चालायची वेळ आली तर कमानीवर फळी टाकून, अनवाणी किंवा रबरी तळव्याच्या चपलेने. दोन कमानींच्या मध्ये पाय पडला की पत्र्याला खळगा, खळग्यात पाणी, पुढचं तुला माहीत आहे. नव्या छतावर सोलरच्या पट्ट्या बसवायच्या म्हणतोस. बसव, पण प्रत्येक खुंटी कमानीतच जाईल असं आत्ताच ठरव आणि कमानींच्या जागा कडेला रंगाने खुणावून ठेव. नंतर पत्र्यावर टकटक करून कमान शोधणारे कारागीर शेवटी पत्र्यातच भोक पाडतात.

हे सगळं झालं तरी छत ‘झालं’ असं कधी म्हणू नकोस. आपल्याकडे धाब्याच्या घरांवर दरवर्षी मृगाआधी खारी माती टाकायचे, घर कितीही पक्कं असो. गाडीच्या छताचं तसंच. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या गारव्यात, एकदा वर जा. कडेची पट्टी बोटाने दाबत फिर, सीलंट कुठे सुटलंय ते नखाला कळतं. पन्हळीतला कचरा काढ. झडपेची टोपी हलव. आत टोचा घेऊन खडूच्या जुन्या खुणांपाशी एकेकदा टोचून बघ. दोन तासांचं काम आहे. मृग लागतो ७-८ जूनला. पाऊस त्या दिवशी येतो असं नाही, जळगावात कैकदा महिनाअखेरपर्यंत वाट बघायला लावतो. तू मात्र तारीख पुढे ढकलू नकोस. आणि हो, बाहेर पाऊस सुरू झाल्यावर सीलंटची नळी घेऊन माझ्याकडे धावत येऊ नकोस. ओल्या पत्र्याला ते चिकटत नाही.